पीट ब्राउनिंगचा वाहता कान

प्रश्न एका सॉफ्टबॉल प्रशिक्षकाचा आहे, थोडक्यात असा: "लुईव्हिल स्लगर ही बेसबॉलची नावाजलेली बॅट ज्या पीट ब्राउनिंगच्या नावाशी जोडतात तो बहिरा होता, दारुडा होता आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला, असं वाचलं. तो खरंच वेडा होता का? की दारूने वाया गेला? माझ्या संघातल्या एका मुलाला कमी ऐकू येतं, म्हणून विचारतोय."

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. जिल्ह्याच्या गावात एकतीस वर्षं प्रॅक्टिस झाली, आणि शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलोय, बरा खेळलोय. त्यामुळे हा माणूस माझ्या बराच काळ डोक्यात आहे. बेसबॉलवाले त्याच्याबद्दल लिहितात तेव्हा बॅट आणि बाटली या दोनच गोष्टी येतात. कानाचा उल्लेख एका ओळीत उरकतात, "त्याला मॅस्टॉइडायटिस (कानामागच्या हाडातला संसर्ग) होता, त्यामुळे ऐकू कमी यायचं", आणि पुढे किस्से सुरू. माझ्या मते ते नेमकं उलटं आहे. दारू तो प्यायचा, भरपूर प्यायचा, त्यात वाद नाही. पण ती कानावर चढवलेला मजला होता. पाया कानातच होता.

आधी माणूस कोण ते सांगतो.

ब्राउनिंगचा जन्म १७ जून १८६१चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातला. ओहायो नदीच्या काठचं शहर, बोर्बन व्हिस्कीचा प्रांत. वडील किराणा व्यापारी, घरचं बरं. पीट आठ भावंडांत धाकटा. तेरा वर्षांचा असताना, १८७४ साली, वडील चक्रीवादळात जखमी होऊन गेले. कानाचं दुखणं लहानपणापासूनचं. वर्गात ऐकू येत नाही, मग शाळेत मन लागत नाही, मग दांड्या. लिहिता-वाचता त्याला जवळजवळ येतच नव्हतं. गोट्या खेळण्यात मात्र पटाईत, बर्फावरच्या स्केटिंगमध्येही. आणि चेंडू मारण्यात तर असा, की गावातल्या हौशी संघातून तो १८८२ साली थेट व्यावसायिक लीगमध्ये आला आणि पहिल्याच मोसमात ०.३७८ सरासरीने लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला.

क्रिकेटवाल्यांसाठी: बेसबॉलमधली सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे किती वेळा चेंडू नीट मारून तळ (बेस, धावताना गाठायची मैदानावरची खूण) गाठला; असा प्रत्येक वेळचा एक फटका. ३००, कागदावर ०.३००, म्हणजे चांगला फलंदाज. ब्राउनिंगची तेरा मोसमांची सरासरी ३४१ आहे. असे फलंदाज शंभर-दीडशे वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. १८८५ साली तो पुन्हा अव्वल आला, १८८७ साली ४०२ची सरासरी काढूनही दुसरा राहिला, आणि १८९० साली वेगळ्या लीगमध्ये, वेगळ्या शहरात तिसऱ्यांदा अव्वल. एवढं करूनही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, तो आजतागायत नाही. लग्न केलं नाही. आयुष्यभर राहिला आईच्या घरी.

आता कान. तुमच्या कानाच्या पाळीमागे बोट लावून बघा, टणक उंचवटा लागेल. तेच मॅस्टॉइड हाड. बाहेरून भरीव वाटतं, आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं: हवेचे बारीक बारीक खण, एकमेकांत उघडणारे, आणि सगळे मिळून मधल्या कानाला जोडलेले. लहान मुलाला सर्दी होते, मधल्या कानात पू साठतो, पडदा फुटून तो बाहेर येतो. आपल्याकडे म्हणतात, "कान फुटला." बहुतेक मुलांचा आपोआप बरा होतो. काहींत मात्र तो पू मागच्या खणांत मुरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकतो. कधी त्यात कातडीच्या पेशींचा एक पांढरा गोळा वाढतो, मोत्यासारखा दिसणारा. दिसायला सुंदर, आणि हाड कुरतडण्यात घुशीसारखा.

आणि हा मुक्काम कुठे आहे बघा. छताला कागदासारखी पातळ हाडाची पाटी, तिच्यावर लगेच मेंदू. मागच्या भिंतीपलीकडे मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर. मधून चेहऱ्याची नस जाते. शेजारी शरीराचा तोल सांभाळणाऱ्या तीन इवल्या कमानी. मी आजही सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिल घेऊन तिथे शिरतो तेव्हा बोलणं बंद करतो. नर्सला माहीत असतं, आता डॉक्टर उत्तर देणार नाहीत.

ब्राउनिंगला मी तपासलेलं नाही, त्याला एकशे वीस वर्षं उशीर झाला. पण अशी माणसं मी आठवड्याला दोन-चार बघतो. त्यातलाच एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

काही पावसाळ्यांपूर्वी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा सतरा वर्षांचा, दणकट, कबड्डी खेळणारा, डाव्या कानात कापसाचा बोळा. बोळा काढला तसा खोलीत वास पसरला. तो वास एकदा ओळखीचा झाला की दारातूनच निदान होतं. तेव्हा आम्ही सगळे मास्क लावून बसायचो. मी विचारलं, "किती वर्षं वाहतोय?" तो म्हणाला, "सतरा." आई कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा साहेब, हे असं. वय विचारलं नाही तुला! अभ्यासातही असाच मठ्ठ आहे." मी मास्क खाली ओढला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि बरोबर उत्तर दिलं: पहिलीत होता तेव्हापासून. दोन्ही कान गेलेले होते, डावा जास्त. अकरा वर्षं तो पोरगा वर्गात सरांच्या ओठांकडे बघत बसला होता, आणि सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते.

आता ब्राउनिंगचा सगळ्यात गाजलेला किस्सा ऐका. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड १८८१ साली गोळी लागून वारले. ही बातमी कुणीतरी ब्राउनिंगला सांगितली, तर त्याने विचारलं म्हणे, "तो कुठल्या लीगमध्ये खेळायचा?" शंभर वर्षं लोक यावर हसतायत. किस्सा खरा असेलच असं नाही, अशा माणसांच्या नावावर काहीही खपतं. पण खरा धरला तरी मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. अर्धवट ऐकू येणारा माणूस वाक्य ऐकत नाही, तो वाक्यातले दोन शब्द पकडतो आणि उरलेलं आपल्या जगातून भरतो. कुणीतरी गेला, गारफिल्ड नावाचा. ब्राउनिंगच्या जगात माणसं लीगमध्ये खेळायची, म्हणून तो प्रश्न. आपल्याकडचा वांग्यांचा विनोद आठवा: "पोरंबाळं कशी आहेत पाटील?" "भरीत करून खाणार!" आंधळ्याची कणव येते आणि बहिऱ्याचा विनोद होतो, हे आपल्याकडेही तितकंच खरं.

त्याच्या बाकीच्या "वेडेपणां"चंही असंच. तो डोळ्यांना दिवे म्हणायचा आणि ते दिवे तेज व्हावेत म्हणून सूर्याकडे टक लावून बघायचा. (कृपया कुणी करू नका, नेत्रपटल जळतं.) हे वाचून लोक हसतात. मला वाटतं, ज्याचे कान गेले त्याचा सगळा जीव डोळ्यांत येतो. डोळे हीच त्याची भाकरी होती, ती जपायला तो त्याच्या अकलेप्रमाणे धडपडत होता. क्षेत्ररक्षण करताना तो एका पायावर उभा राहायचा, दुसरा गुडघा वर, कोणी येऊन आदळलं तर ढाल म्हणून. तेही हास्यास्पद दिसत असणार. पण मागून धावत येणाऱ्याची चाहूल ज्याला लागत नाही, त्याने दुसरं काय करावं? मैदानात दूर उभे असलेले दोघे एकाच झेलाखाली धावतात तेव्हा त्यांना आवाजच वाचवतो. आपली पोरं "माझा, माझा!" ओरडतात तसंच तिथे. ब्राउनिंगला तो "माझा" ऐकू येत नव्हता. त्याला ग्लॅडिएटर, म्हणजे रोमन आखाड्यातला लढवय्या, म्हणायचे, आणि त्या नावाचा एक अर्थ असाही लावतात की उंच उडालेल्या झेलाशी हा युद्धच करतो.

धावताना अंग झोकून तळाकडे घसरत जायला तो नकार द्यायचा, यावर संघाचे मालक फार चिडायचे. इथे माझा नुसता तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्या. तोलाच्या कमानीपर्यंत हाड कुरतडलेलं असेल तर डोक्याला झटका बसला की जग गरगर फिरतं. माझे असे रुग्ण बसमधून उतरताना दांडी सोडत नाहीत. तरी १८८७ साली त्याच्या नावावर १०३ तळ चोरल्याची, म्हणजे संधी साधून पुढचा तळ पळत गाठल्याची, नोंद आहे. त्या काळी मोजायची पद्धत वेगळी आणि उदार होती हे खरं, पण पाय ओढणारा आळशी माणूस शंभरी गाठत नाही.

बॅटीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे म्हणून पटकन सांगतो. १८८४ साली ब्राउनिंगचे फटके लागत नव्हते, बॅट मोडली. हिलरिक यांच्या लाकूडकामाच्या दुकानातला सतरा वर्षांचा मुलगा, बड, कामावरून पळून सामना बघायला आला होता. त्याने ब्राउनिंगला दुकानात नेलं आणि लाकूड कातायच्या लेथवर नवी बॅट करून दिली. ब्राउनिंग शेजारी उभा राहून रात्रीपर्यंत हातात घेऊन बघायचा, अजून थोडं काढ म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्याने तीन फटके मारले. बडच्या वडिलांना बॅटींत काडीचा रस नव्हता. त्यांचं दुकान लोणी घुसळायच्या यंत्रावर आणि पलंगाच्या खुरांवर चालायचं. लुईव्हिल स्लगर हे नाव १८९४ साली नोंदलं गेलं. या गोष्टीबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पहिली बॅट दुसऱ्याच खेळाडूसाठी केली असंही सांगतात. ते काही असो, ब्राउनिंगच्या बॅटी मात्र खऱ्याच अजस्र होत्या. ३७ इंच लांब आणि ४८ औंस वजनाची नोंद सापडते, म्हणजे जवळपास १ किलो ३६० ग्रॅम. क्रिकेटची जड बॅट धरून बघा आणि ती गोल काठी आहे अशी कल्पना करा. बॅटींना तो बायबलमधली नावं द्यायचा. प्रत्येक बॅटीत ठरावीकच फटके असतात, ते संपले की तिला निवृत्त करायचं, असा त्याचा पक्का समज. यात मला रोग दिसत नाही. डावं पॅड आधी बांधणारे आपल्याकडे कमी आहेत?

आता दारू. तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

त्याच्या नावावर एक वाक्य खपतं: "बाटली मारल्याशिवाय मला चेंडू मारता येत नाही." वर्तमानपत्रं त्याच्या पिण्याच्या बातम्या चवीने छापायची. पण तो खेळत होता ती लीग कोणती? १८८२ साली निघालेली अमेरिकन असोसिएशन. जुन्या नॅशनल लीगचं तिकीट ५० सेंट, यांचं २५. ती रविवारी खेळायची नाही, हे खेळायचे. तिथे दारूबंदी, इथे प्रेक्षकांत बिअर विकली जायची, आणि कित्येक संघांमागे पैसाच बिअर गाळणाऱ्यांचा होता. विरोधक हिला बिअर आणि व्हिस्कीची लीग म्हणून हिणवायचे. त्यात शहर बोर्बनचं. साखर कारखान्यात मुंगी लागली म्हणून मुंगीला दोष द्यावा, त्यातला प्रकार.

आणि कानाचं दुखणं म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय त्याला विचारा. दिवसा कामात भागतं. रात्री उशीला कान टेकला की नाडीच्या ठोक्याबरोबर ठसठसतं. कानात शिट्टी चालू असते, ती शांततेत मोठी होते. आज मी पहिल्या दिवशी वेदनाशामक लिहून देतो आणि विसरून जातो. अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं १८९९ साली. ब्राउनिंगचा शेवटचा मोसम १८९४चा. त्याच्याकडे पर्याय दोन, अफूचं औषध नाहीतर व्हिस्की. व्हिस्की कोपऱ्यावर मिळायची आणि सोबतीला माणसं असायची. हेही लक्षात घ्या, गुत्त्यात बहिरेपण लपतं. तिथे सगळेच ओरडून बोलतात, सगळेच अर्धवट ऐकतात, आणि चुकीचं उत्तर दिलं तरी कुणी वेडा म्हणत नाही. माझ्या रुग्णांतले दोघे-तिघे मी याच वाटेने गेलेले पाहिलेत.

हे सांगताना त्याला मी धुतल्या तांदळासारखा ठरवत नाही. धडधाकट कानांचे खेळाडूही त्या काळात दारूने गेले. एड डेलाहँटी हा त्याच्याइतकाच थोर फलंदाज. १९०३च्या जुलैत दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून त्याला आगगाडीतून उतरवलं, अंधारात तो पुलावरून नायगारा नदीत पडला आणि मेला. त्याचे कान ठणठणीत होते. म्हणजे कान दुखला म्हणून दारुडा झाला, असं गणित मी मांडत नाही. एवढंच म्हणतो की डेलाहँटीला दारू सोडायला सांगण्यात अर्थ होता. ब्राउनिंगला नुसतं तेवढं सांगणं म्हणजे रोग ठेवून औषध काढून घेणं.

१८८९ हे त्याचं सगळ्यात वाईट वर्ष. लुईव्हिलचा संघ २७ सामने जिंकला आणि १११ हरला. त्यात लागोपाठ २६ हार. मालक कर्जात बुडालेला, तो चुकांबद्दल खेळाडूंच्या पगारातून दंड कापायला लागला. जूनमध्ये सहा खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला, त्यांत ब्राउनिंगही होता. त्याची सरासरी त्या वर्षी २५६ला घसरली, आणि मोसम संपता संपता दारूपायी निलंबन. कुणालाही वाटलं असतं की संपला हा. पुढच्या वर्षी खेळाडूंच्या संघटनेने मालकांविरुद्ध स्वतःची लीग काढली, प्लेयर्स लीग. एकच वर्ष चालली. ब्राउनिंग गेला क्लीव्हलंडला आणि ३७३च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला.

त्याच लीगमध्ये, बफेलोच्या संघात, आणखी एक बहिरा खेळाडू होता. तुम्ही तुमच्या संघातल्या मुलासाठी विचारताय म्हणून या माणसावर जरा थांबतो.

विल्यम हॉय. जन्म मे १८६२, ओहायोतला, म्हणजे ब्राउनिंगपेक्षा वर्षभरानेच लहान. तिसऱ्या वर्षी मेनिंजायटिसने दोन्ही कान पूर्ण गेले, ठार बहिरा. लोक त्याला सर्रास "मुका" म्हणायचे, ते त्याचं टोपणनावच झालं. पण त्याला आईवडिलांनी राज्याच्या बहिऱ्यांच्या शाळेत घातलं, कोलंबसला. तिथे तो खुणांची भाषा शिकला, लिहा-वाचायला शिकला, आणि वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. मग १८८८ ते १९०२ मोठ्या लीगमध्ये खेळला, दोन हजारांवर फटके मारले. जागा कुठली? मैदानाचा मधला, दूरचा भाग. म्हणजे जिथे "माझा, माझा" सगळ्यात जास्त लागतं तीच जागा. आणि तो ९९ वर्षं जगला. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीत विश्वमालिकेच्या (वर्ल्ड सिरीज) सामन्याचा मानाचा पहिला चेंडू या म्हाताऱ्याने टाकला, डिसेंबरमध्ये गेला.

दोघांना शेजारी उभं करा. ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं तो पार पडला, ज्याला थोडं येत होतं तो बुडाला. म्हणून बहिरेपणाने ब्राउनिंगला मारलं असं मी म्हणत नाही. हॉयचा कान मेला होता, पण कोरडा होता. आग विझून गेलेली. ब्राउनिंगचा कान जिवंत होता आणि आत धुमसत होता. दुसरं म्हणजे हॉय बहिरा आहे हे जगाला माहीत होतं, त्यामुळे जगाने थोडी तजवीज केली, नाव वाईट ठेवलं तरी. ब्राउनिंग ना धड बहिरा ना धड ऐकता. अशा माणसाला शाळा मिळत नाही, खुणा मिळत नाहीत, मिळतात त्या फक्त शिव्या: लक्ष नाही, मठ्ठ आहे, प्यायलाय.

शेवट थोडक्यात. खेळ सुटल्यावर त्याने लुईव्हिलमध्ये गुत्ता काढला. चालला नाही. मग सिगार विकत फिरला. ७ जून १९०५ रोजी त्याला वेडा ठरवून लेकलंडच्या इस्पितळात पाठवलं. दोनच आठवड्यांत बहिणीने त्याला तिथून बाहेर काढलं. उन्हाळ्यात शहराच्या इस्पितळात दाखल केलं, कानावर शस्त्रक्रियाही झाली, आणि १० सप्टेंबरला तो गेला. वय ४४. कारण लिहिलं "अशक्तपणा". डॉक्टरला जेव्हा काही कळत नाही तेव्हा तो हेच लिहितो, आम्हीही वेगळ्या शब्दांत लिहितो.

मग वेडा होता का? पोट भरून दारू प्यायलेलं यकृत होतं, ते मेंदूला झाकोळतं. काही अभ्यासक सिफिलिसचा शेवटचा टप्पा सुचवतात. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण पुष्कळ असायचे. ते रक्तात तपासायची वासरमनची चाचणी आली १९०६ साली, म्हणजे तो गेल्यानंतर वर्षभराने. आणि तिसरा संशयित तोच जुना: छताची पातळ पाटी ओलांडून मेंदूत गेलेला पू. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तिथे गळू झालं की माणूस वस्तूंची नावं विसरतो, भलतंच बोलतो, स्वभाव पालटतो, कधी झिंगल्यासारखा दिसतो. माझ्या उमेदवारीच्या काळात अशा एका रुग्णाला नातेवाइकांनी आधी देवऋष्याकडे आणि मग मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी कानातला कापूस बघितला आणि रात्री अकराला त्याला आमच्याकडे पाठवलं. वाचला. ब्राउनिंगच्या बाबतीत तिन्हीपैकी कोणतं किती, हे आज कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. पण इस्पितळातून बाहेर काढल्यावर त्याला पुन्हा इस्पितळातच न्यावं लागलं, आणि तिथे डॉक्टरांनी चाकू लावला तो कानाला.

शस्त्रक्रिया आधी का नाही झाली, हे मला कुणी विचारत नाही, पण सांगतो. १७९१ साली डेन्मार्कच्या राजवैद्याने, फॉन बर्गरने, बहिरेपणावर आणि कानातल्या आवाजावर उपाय म्हणून स्वतःचं मॅस्टॉइड उघडून घेतलं आणि त्यातच तो मेला. त्या धसक्याने कित्येक दशकं कुणी त्या हाडाच्या वाटेला गेलं नाही. १८७३ साली जर्मनीतल्या हॅले गावी श्वार्त्झेने ती शस्त्रक्रिया पुन्हा रीतसर मांडली. तेव्हा ब्राउनिंग बारा वर्षांचा होता. म्हणजे ज्ञान जगात होतं, पण ते कानामागे फोड येऊन जीव जायची वेळ आलेल्यांसाठी. नुसता कान वाहतोय तर कानाडोळाच करायची रीत होती. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे कानाचे एवढे मोठे सर्जन की कानामागच्या छेदाला त्यांचं नाव आहे; त्यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड, १९०० साली कानातूनच मेंदूपर्यंत गेलेल्या दुखण्याने पॅरिसमध्ये गेला. लुईव्हिलच्या किराणा दुकानदाराच्या पोराची काय कथा.

लुईव्हिलच्या केव्ह हिल दफनभूमीत तो आहे. जुन्या दगडावर त्याचं नाव चुकीचं कोरलेलं होतं. बॅटीची शंभरी साजरी करताना, १९८४ साली, शहराने आणि बॅटीच्या कंपनीने नवा दगड बसवला. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच सुचलं की तो जिवंत असता तरी त्याला ती चूक वाचता आली नसती.

आता तुमच्या संघातला मुलगा.

उद्या सरावाला त्याच्या पाठीमागे दोन हात अंतरावर उभे राहा आणि हळू आवाजात एखादा आकडा सांगा, "अठ्ठावीस", "त्रेपन्न" असा. एकेक कान बोटाने दाबून. समोरून नको, समोरून तो ओठ वाचेल आणि तुम्ही फसाल. मग त्याला विचारा कान वाहतो का, आणि कापूस असेल तर काढून वास घ्या. किळस वाटेल, घ्याच. कोरडा असेल तर घाई नाही, महिनाभरात तपासणी करा, श्रवणयंत्र लागेल तर लावा. ओला आणि वासाचा असेल तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवा. तेल, लसूण, पेरॉक्साइड, किल्ली, हेअरपिन काहीही आत जाऊ देऊ नका, पोहणं बंद. आणि वाहत्या कानाबरोबर ताप, डोकेदुखी, उलट्या, चक्कर, तोंड वाकडं होणं, किंवा तुम्ही म्हणाल तसं "आज जरा विचित्रच वागतोय", यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात. बापाला फोन नंतर करा.

तोवर त्याला मैदानात कुठे उभा करायचं? कुठेही करा, फक्त झेलाचा नियम बदला. हॉयने लावलेला नियम असा: उंच चेंडूखाली जाताना दुसरे काय ओरडतायत ते तो ऐकू शकत नव्हता, म्हणून तो स्वतः एक चिरका आवाज काढायचा. तो आवाज आला की झेल हॉयचा, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. नाही आला तर तुमचा. म्हणजे ऐकायचं काम ज्यांना ऐकू येतं त्यांच्याकडे. तुमच्या पोरांना हे शिकवायला एक संध्याकाळ पुरे. आधी मऊ चेंडूवर घ्या, दोघेदोघे आदळतील.